माहेरच्या नावाचा रकाना

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात लोक मला 'शोधखातं' म्हणतात. ते नाव मला आवडायचं, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी बाजू घेण्यासारखं फारसं काही नाही.

शाळेतून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत बायकोला नकोसा झालो. स्वयंपाकघरातल्या डब्यांना मी अकारविल्हे लावायला घेतलं, तेव्हा तिने माझी रवानगी वाचनालयात केली. तिथे जुने दिवाळी अंक, गावमंडळांच्या स्मरणिका, कामगारांची वार्षिकं असं सगळं स्कॅन करून संगणकावर चढवायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. स्कॅनिंग एक तरुण मुलगी करायची. नोंदी माझ्याकडे होत्या: लेखक, शीर्षक, अंक, पान. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. तीस वर्षं मी हेच करत आलो होतो, फक्त कार्डांवर. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या चुका काढायला लागलो आणि सगळ्यांनी मला मुकाट्याने प्रमुख मानून टाकलं.

या कामात गंमत अशी, की एकदा चढवलेलं सगळं नावाने शोधता येतं. चौकटीत नाव टाकायचं, कळ दाबायची, त्या माणसाने कुठेकुठे छापून आणलेलं समोर हजर. लोकांना त्याचं फार अप्रूप. बोरिवलीहून एक गृहस्थ आले, त्यांना वडिलांची एक कविता हवी होती. मी दोन मिनिटांत काढून दिली. त्यांनी ती वाचली आणि खिशातून रुमाल काढला. जाताना माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. अशी चार-पाच माणसं झाल्यावर कोणीही शेफारेल. मीही शेफारलो.

त्यातच एक बाई आल्या. त्यांच्या आईने तरुणपणी लेख लिहिले होते, आई आता हयात नव्हती. आईच्या नावाने काहीच मिळेना. तासभर डोकं खाजवल्यावर मी विचारलं, "आईचं माहेरचं नाव काय होतं?" त्यांनी सांगितलं आणि सात लेख सापडले. त्या दिवसापासून मी शोधासाठी एक छापील अर्जच केला. त्यात ठळक अक्षरांत एक रकाना घातला: स्त्रियांसाठी, माहेरचं पूर्ण नाव. त्या मुलीला बजावून ठेवलं, की समोर बाई आली की आधी हा रकाना भरून घ्यायचा, बाकीचं नंतर. आपल्याकडे लग्नात बायकांचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही बदलतात, म्हणजे एका बाईची दोन माणसं होतात आणि पहिलं हरवतं, यावर मी वाचनालयाच्या वर्धापनदिनी वीस मिनिटं भाषणही ठोकलं. टाळ्या पडल्या. घाटकोपरहून माझी वहिनी त्या कार्यक्रमाला आली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती.

मग कुर्ल्याचे गठ्ठे आले. कोकणातल्या एका तालुक्याच्या चाकरमान्यांचं मंडळ होतं, त्यांची जुन्या चाळीतली खोली पुनर्विकासात जात होती. कपाटातले वार्षिक अंक त्यांनी आमच्याकडे आणून टाकले. असल्या अंकांत काय असतं मला ठाऊक होतं. पदाधिकाऱ्यांचे फोटो, अहवाल, श्रद्धांजल्या, आणि गावच्या नदीवर कविता. मी कंटाळत नोंदी करत होतो आणि एका अंकात एक कथा लागली.

दोन बहिणी, घरात नेसण्यासारखी साडी एकच. दोघींना टायपिंगच्या क्लासला जायचं असतं, म्हणून एक दिवस एक जाते, एक दिवस दुसरी. मोठी निरी अशी काढते की शाईचा डाग आत जावा. धाकटीला तशी काढता येत नाही, म्हणून ती क्लासात पुढ्यात वही धरूनच बसते. एवढीच गोष्ट. पण मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. पुढच्या तीन वर्षांच्या अंकांत त्याच नावाच्या आणखी तीन कथा होत्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा चांगली. मग काही नाही. चार वर्षं चार कथा, आणि पाचव्या वर्षी त्या जागी कोणाच्या तरी सत्काराचा फोटो.

मी ते नाव सगळीकडे टाकून बघितलं. आमच्या संग्रहात, दुसऱ्या ग्रंथालयांच्या संग्रहांत, आडनाव आधी घेऊन, नाव आधी घेऊन. कुठेच काही नाही. आडनाव तर कोकणात पैशाला पासरी. शेवटी नोंदीखाली लिहिलं, 'लेखिकेविषयी माहिती उपलब्ध नाही', आणि हट्टालाच पेटलो. या बाईला शोधून काढायचंच. लोकांना विचारलं, दोन-तीन व्हॉट्सॲप गटांवर मजकूर टाकला. ती मिळाली तर वाचनालयात शाल-श्रीफळ द्यायचं, हेही मनात ठरवून टाकलं.

घाटकोपरला माझा थोरला भाऊ राहतो, दादा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याचं लग्न झालं तेव्हा आम्ही भांडुपला दोन खोल्यांत राहायचो, आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मी तेरा वर्षांचा होतो. तेव्हापासून माझा डबा वहिनीने केला. शाळेचा, कॉलेजचा, मग नोकरीचा, माझं लग्न होईपर्यंत. पहिल्या दिवसापासून ती मला 'भाऊजी' आणि 'तुम्ही' म्हणायची, आणि मी तेरा वर्षांचा पोर तिला 'वहिनी, तू'. घराघरांत असंच चालतं, म्हणून मला ते कधी खटकलं नाही.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं दादाकडे जेवायला जातो. त्या रविवारी बांगड्याचं तिखलं होतं. दादा, पुतण्या, त्याची बायको, माझी बायको आणि मी असे बसलो होतो. वहिनी वाढत होती. ती नेहमी मागून बसते. मी माझ्या लेखिकेबद्दल बोलत होतो. नाव घेतलं नाही, यांना नाव सांगून काय कळणार, असं माझं मत. साडीची गोष्ट मात्र पुरती रंगवून सांगितली, शाईच्या डागासकट.

वहिनी भाताचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

"मग शेवटी साडी कोणाकडे राहते, भाऊजी?"

"तेच तर सांगितलेलं नाही ना, वहिनी," मी म्हणालो. "मोठी आरशासमोर उभी आहे, धाकटी दारात, आणि कथा संपते. कसलेले लेखक असंच करतात. सगळं सांगून टाकायचं नसतं. वाचकावर सोडायचं असतं."

"अस्सं," वहिनी म्हणाली आणि तिने दादाला भात वाढला.

पातेलं आत ठेवून ती परत आली, पदराला हात पुसत दारातच थांबली. "भाऊजी, माझं पण नाव टाकून बघता? मी पण लिहायचे. लग्नाआधी."

दादा मोठ्याने हसला. "तू? काय लिहायचीस, वाण्याची यादी?"

"काका, टाका टाका," पुतण्या म्हणाला. "आई फेमस निघाली तर झकास ना!"

उजवा हात माशाचा होता, म्हणून मी डाव्या हाताने मोबाइल काढला आणि नाव टाकलं. घरात आम्ही घेतो ते नाव, मग दादाचं, मग आमचं आडनाव. चक्र फिरलं आणि उत्तर आलं: या नावाची नोंद आढळली नाही. मी फोन उचलून सगळ्यांना दाखवला.

"वहिनी, भोपळा!"

सगळे हसले. माझी बायको हसली नाही, पण ते मला नंतर आठवलं.

"जुनं आहे ना खूप," वहिनी म्हणाली. "लग्नाआधीचं आहे."

दुसऱ्यांदा सांगितलं तिने. लग्नाआधीचं. ज्या माणसाने हाच प्रश्न छापून घेतला होता, परक्या बायकांना तो जो सगळ्यात आधी विचारायचा आणि ज्याच्यावर टाळ्या घेऊन आला होता, तो माणूस काटा काढत म्हणाला, "असतं तर आलं असतं, वहिनी. छापलंच नसेल. तेव्हा सगळेच काहीबाही लिहून पाठवायचे. छापून थोडंच यायचं?"

"असांदे," वहिनी म्हणाली. घाई असली किंवा मनाला काही लागलं, की तिच्या तोंडून मालवणी येतं. त्या दिवशी यातलं काय होतं ते मी वर मान करून बघितलं नाही. तिने माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

तीन आठवड्यांनी मला अंधेरीचा एक पत्ता मिळाला. कुर्ल्याच्या त्या मंडळाचे जुने सेक्रेटरी तिथे मुलाकडे राहत होते. ऐंशीच्या पुढचे, ऐकायला कमी येणारे, पण आठवण शाबूत. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन लेखिकेचं नाव सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"होती, होती. चाळीतलीच पोरगी. मंडळाच्या खोलीत बाकावर बसून कथेची प्रत करायची. अक्षर सुंदर. मग लग्न झालं तिचं."

"कुठे दिली?"

"ते नाही बुवा आठवत. आणि आता काय शोधणार तुम्ही? सासरी नाव बदललं असणार."

"आम्ही शोधतो," मी म्हणालो. "आमचं कामच आहे ते." त्यांना माझं भाषणही थोडंसं ऐकवलं. त्यांनी मान डोलावली, ऐकू किती आलं कोण जाणे.

मुलुंडला परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. वाचनालयातली मुलगी यंत्रावर कापड घालून माझीच वाट बघत थांबली होती. खुशीत होती.

"सर, आज तुम्ही हवे होतात. तुमची लेखिका आली होती. ती साडीवाली."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. ती भराभर सांगू लागली. एक वयस्क बाई दुपारी एकट्याच आल्या. 'शोधून मिळतं ते इथेच ना?' असं विचारलं. तिने अर्ज पुढे केला, माहेरचं नाव आधी लिहा म्हणाली. बाईंनी लिहिलं आणि चारही कथा समोर आल्या. त्या संध्याकाळपर्यंत पडद्यासमोर बसून वाचत होत्या. मध्ये दोनदा पाणी मागितलं. "मी म्हटलं, थांबा ना, आमचे सर किती दिवस तुम्हाला शोधताहेत, त्यांना केवढा आनंद होईल. तर म्हणाल्या, नको गं, त्यांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

"मला का वाईट वाटेल?" मी विचारलं.

"तेच मी पण म्हटलं, सर. पण अर्जावर तुमची सही लागते ना, म्हणून सांगायलाच लागलं."

तिने अर्ज माझ्यापुढे ठेवला. माहेरच्या नावाच्या रकान्यात माझ्या लेखिकेचं नाव होतं. त्याखाली, सध्याचं नाव: माझ्या वहिनीचं नाव, दादाचं नाव, आमचं आडनाव. पत्ता घाटकोपरचा. शोधाचं कारण या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, 'वाचायला'. अक्षर खरंच सुंदर होतं. इतक्या वर्षांत मी ते दुधाच्या हिशेबाखेरीज कुठे बघितलं नव्हतं, आणि तेही नीट बघितलं नव्हतं.

मुलगी काहीतरी विचारत होती. मी सही केली आणि डोकं दुखतंय म्हणून बाहेर पडलो. स्टेशनकडे न जाता उलट्या दिशेने बराच चालत गेलो. कान गरम झाले होते. शाळेत चोरी पकडली गेली की होतात तसे.

आता कोणी म्हणेल, पंचेचाळीस वर्षं एका घरातली माणसं आणि तुला वहिनीचं मूळचं नाव ठाऊक नाही? नव्हतं. तिच्या माहेरी तिला सगळे 'बाय' म्हणायचे. आडनाव ठाऊक होतं, माहेर कुर्ल्याच्या चाळीतलं हेही, पण आडनाव एवढं सर्रास आणि कुर्ल्यात चाळी इतक्या, की कथांवर वाचताना माझ्या मनाला तिचा विचार शिवलाही नाही. आणि पहिलं नाव मला ठाऊक नव्हतं, त्याला एक कारण आहे, जे मला त्या संध्याकाळी रस्त्याने चालताना कितीतरी वर्षांनी आठवलं.

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव अंगठीने लिहितात. दादाला काही सुचत नव्हतं, तो म्हणाला, तू सांग रे. मी तेव्हा एका नटीवर फिदा होतो. आमच्या न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर ती होती. मी तिचं नाव सांगितलं. सगळे म्हणाले, वा, छान आहे. दादाने ते तांदळात लिहिलं. वहिनी शेजारी मान खाली घालून बसली होती. आधीचं नाव काय होतं, त्यात काय वाईट होतं, हे मी विचारलं नाही, आणि तिला तर कोणीच काही विचारलं नाही. तिने ते नाव वाचलं आणि पेढे वाटले गेले. माझ्या पाठीवर थाप मिळाली होती, हेही आठवलं.

लहान होतो, चाल तशीच होती, असं म्हणून मी त्यातून सुटू शकतो. जेवणाच्या ताटावरून मात्र सुटू शकत नाही. तिथे मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो. विसरलो असंही नाही. वहिनीने काही लिहिलेलं असेल हे मला शक्यच वाटलं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही. परक्या कोणाची आई लिहू शकते, तर तिचं माहेरचं नाव विचारायचं. माझा डबा करणारी बाई लिहू शकत नाही, तर तिला भोपळा दाखवायचा. मी नाव टाकलं तेच मुळी शोधायला टाकलं नव्हतं. हसायला टाकलं होतं.

त्यानंतर अकरा दिवस मी घाटकोपरला गेलो नाही. दादाचा फोन आला तर बायकोला उचलायला लावला. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या अकरा दिवसांत मी एक बेतही रचला. वहिनीला काही बोलायचंच नाही. वाचनालयात कार्यक्रम ठरवायचा, सगळ्या कुटुंबाला बोलवायचं आणि व्यासपीठावरून सांगायचं, की आमच्या अथक शोधाला यश आलं, आणि कोण सापडलं बघा! शाल मी घालणार, श्रीफळ मी देणार. मनातल्या मनात भाषणाची सुरुवातही जुळवली. ज्या प्रसंगात मी असा तोंडघशी पडलो होतो, त्यातूनही मला टाळ्या हव्या होत्या.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"माझं नाव तुमच्याकडे बदललं नाही, कारण मी तेव्हा नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "किती धुसफूस झाली होती आठवतंय? तेव्हा वहिनी एकट्या माझ्या बाजूने बोलल्या होत्या. कार्यक्रम कसले करताय? जा आणि पाय धरा त्यांचे."

बाराव्या दिवशी दुपारी गेलो. पुतण्या आणि सून कामावर, दादा आत झोपलेला. वहिनी बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुकट निवडत बसली होती. मला बघून उठायला लागली. मी नको म्हटलं आणि तिच्या समोरच खाली बसलो. पिशवीतून चारही कथांच्या प्रती काढून तिच्यापुढे ठेवल्या.

तिने एकदा कागदांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "त्या पोरीने सांगितलं वाटतं. नको म्हटलं होतं मी."

"अर्जावर माझी सही लागते."

"हां. ते माझ्या ध्यानात नाही आलं."

"वहिनी, त्या दिवशी तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. माझं नाव टाका म्हटलं."

"पण कुठलं नाव, ते..."

"मला वाटलं तुम्ही विचाराल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बोटं सुकटीतला कचरा वेगळा काढत होती. "भाषणात सांगत होता ना तुम्ही."

मी चुकलो म्हणालो. माफ कर म्हणालो. हे शब्द मी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो आणि ते माझ्या तोंडात नीट बसत नव्हते. "त्यात काय एवढं," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

तिने निवडलेली सुकट एका बाजूला सारली. मग ती म्हणाली, "आणि साडी धाकटीकडे राहते हां, भाऊजी. मोठीचं लग्न ठरतं. ती साडीची घडी धाकटीच्या हातात देते आणि म्हणते, आता रोज जा. अर्धं पान होतं ते. ऐनवेळी कोणाची तरी जाहिरात आली, सेक्रेटरींनी माझा शेवट कापला. आठवडाभर रडत होते मी. आणि तुम्ही म्हणालात कसलेले लेखक असंच करतात. मला आत जाऊन हसायला लागलं."

आता ती खरोखरच हसली. त्या हसण्यात तिने मला बरंचसं माफ केलं असावं, पण मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मग मी कामाचं बोलायला लागलो. कामाचं बोलताना मला धीर येतो. तिला सांगितलं, की नोंदीत दोन्ही नावं जोडता येतात. जुन्या नावापुढे लग्नानंतरचं नाव घालायचं, म्हणजे पुढे कोणीही यातलं कुठलंही नाव टाकलं तरी चारही कथा येतील. "उद्याच जोडतो. रविवारी दादाला सांगू, टाक आता बायकोचं नाव. सगळ्यांसमोर."

"नको," वहिनी म्हणाली.

"अगं, नको काय? दादाने बघायला नको? मुलाने, सुनेने? हे नाव घरात कोणाच्या लक्षात नाही. जोडलं नाही तर तू आपल्याच माणसांना कधी सापडणार नाहीस."

तिने हात झटकले. वरचा कागद उचलून लांब धरला. चष्मा जवळ नव्हता, पण कथेचं नाव आणि त्याखालचं तिचं नाव मोठ्या टायपात होतं. ती बराच वेळ तिथेच बघत राहिली.

"हे आहे तसंच राहू दे," ती म्हणाली. "ते दुसरं नाव याला लावू नका. त्या नावाने मी काही लिहिलेलं नाही, भाऊजी. त्या नावाने मी डबे केले."

मी मान खाली घातली. वर्तमानपत्रावर सुकटीचे दोन ढीग होते, निवडलेला आणि राहिलेला, आणि त्याखेरीज बघायला मला दुसरी जागा नव्हती.

आत दादा जागा झाला. खोकला, पलंग करकरला, आणि त्याने तिला हाक मारली, मी ठेवलेल्या नावाने. चहा टाक म्हणाला.

"आले," म्हणत वहिनी उठली.